पाणी लावू नका, पण किती दिवस? हाडातल्या श्रवणयंत्राचं एक प्रकरण

“मशीन बिघडलंय मॅडम. बदलून द्या, न्हाईतर डोक्यातला त्यो स्क्रू तरी काढायला सांगा.”

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, भर पावसात, मावशी हे बोलतच समोर येऊन बसल्या. बरोबर सून होती. मशीन डोक्यावर नव्हतंच. ते सुनेच्या पर्समध्ये होतं: डबीत, डबीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला रबर. मावशी 54 वर्षांच्या. कोल्हापुरात, राजारामपुरीत त्यांची खानावळ आहे आणि जेवायला येणारी बहुतेक कॉलेजची पोरं. (मावशींची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कानाची तपासणी करणं, श्रवणयंत्र बसवणं, त्याचा आवाज त्या माणसाला जुळवून देणं हे माझं काम. शस्त्रक्रिया मी करत नाही. मावशींची शस्त्रक्रिया आदल्या ऑक्टोबरात बाहेरगावच्या एका रुग्णालयात झाली होती आणि जानेवारीत, संक्रांतीच्या सुमाराला, मशीन मी बसवून दिलं होतं. सहा महिन्यांत ते डबीत कसं गेलं, या प्रश्नाचं उत्तर मलाही द्यायचं होतं.

तक्रारी एकेक करून लिहून घेतल्या. शिट्टी वाजते. आवाज मधेच जातो, मधेच खरखरतो. सेल दोन दिवसांत संपतो. चौथी तक्रार सुनेनं संकोचून, खाली बघत सांगितली, “तिथनं वास येतोय. उशीला डाग पडत्यात.”

हे यंत्र त्यांना का दिलं होतं

मावशींचा उजवा कान सातव्या-आठव्या वर्षापासून वाहतो. लहानपण पन्हाळ्याच्या बाजूच्या खेड्यात गेलं. विहिरीत पोहायचं, कान ठणकला की कोमट तेल सोडायचं, वाहायला लागला की कापसाचा बोळा घालायचा. पुढं डावाही वाहू लागला. लग्नानंतर उजव्या कानाचं दोनदा ऑपरेशन झालं, कानामागचं सडलेलं हाड काढावं लागलं. रोग आटोक्यात आला, पण आत मोठी पोकळी राहिली. अशा कानात हवा खेळती राहावी लागते. साचा घालून वापरायचं साधं श्रवणयंत्र बसवलं की कान कोंडतो, ओल धरतो आणि आठवड्याभरात पुन्हा वाहू लागतो. अशी दोन यंत्रं विकत घेऊन मावशींनी कपाटात ठेवून दिली होती. ऐकायचं तर कान वाहणार, आणि कान कोरडा ठेवायचा तर ऐकायचं सोडून द्यायचं.

त्यांच्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, उजव्या कानाला हवेतून येणारा आवाज सरासरी 68 डेसिबलला कळत होता (डेसिबल हे आवाजाचं माप, आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी) आणि हाडातून दिलेला आवाज 27 डेसिबलला. याचा अर्थ आतला कान, तो गोगलगाईच्या शंखासारखा भाग, बऱ्यापैकी शाबूत आहे. आवाज वाटेतच अडतो आहे. दोन्हींत फरक 41 डेसिबलचा. हा फरक 30-35 च्या पुढं गेला की हाडामार्गे ऐकवणारं यंत्र साध्या यंत्रापेक्षा सरस ठरतं, असा आमच्या कामातला नेहमीचा आडाखा आहे.

यंत्राची रचना समजायला अवघड नाही. कानामागच्या हाडात 3 किंवा 4 मिलिमीटर लांबीचा टायटॅनियमचा स्क्रू बसवतात. त्याच्यावर कातडीतून बाहेर डोकावणारी धातूची छोटी खुंटी असते. डॉक्टर तिला अ‍ॅबटमेंट म्हणतात. मावशींच्या घरात तिचं नाव ‘बटण’ पडलं आणि मीही तेच वापरते. त्या बटणावर मशीन टक् करून बसतं. मशीन आवाज टिपतं आणि त्याची थरथर करतं. ती थरथर बटणातून स्क्रूत, स्क्रूतून कवटीत आणि तिथून आतल्या कानात पोचते. कानाची नळी, पडदा, मधली तीन नाजूक हाडं, यांतलं काही धड नसलं तरी चालतं.

शस्त्रक्रियेआधी हेच मशीन डोक्याभोवती बांधायच्या मऊ पट्ट्यावर लावून आठवडाभर खानावळीत वापरायला दिलं होतं. तेव्हा माणसांचं बोलणं कळलं. पण पट्ट्यावर मशीन आणि हाड यांच्यामध्ये कातडी असते आणि ती बारीक, उंच आवाज गिळते. जानेवारीत बटणावर पहिल्यांदा मशीन बसवलं आणि मावशी घरी गेल्या, तेव्हा संध्याकाळी सुनेचा फोन आला होता. फोडणीतली मोहरी तडतडलेली ऐकून सासूबाई गॅसजवळ नुसत्या उभ्या राहिल्या होत्या.

त्याच मावशी आता स्क्रू काढायला सांगत होत्या.

मशीन आधी, डोकं नंतर

मी नेहमी मशीनपासून सुरुवात करते, कारण ते पाच मिनिटांत तपासून होतं. मशीनबरोबर प्लास्टिकची एक छोटी दांडी मिळते. तिच्यावर मशीन बसवायचं, स्वतःचे दोन्ही कान बोटांनी नीट बंद करायचे आणि मदतनिसाला ती दांडी आपल्या कानामागच्या हाडावर टेकवायला सांगायचं. सुनेला बोलायला लावलं. आवाज स्वच्छ, खणखणीत आला. मशीन ठणठणीत होतं. घरातल्या माणसानं ही एक चाचणी शिकून घेतली तर निम्म्या फेऱ्या वाचतात, असं माझं मत आहे.

सेलचं कोडं पाकीट बघितल्यावर सुटलं. या मशीनला 13 नंबरचा, नारिंगी स्टिकरचा सेल लागतो. तो हवेवर चालणारा जस्ताचा सेल आहे. स्टिकरखाली बारीक भोकं असतात. स्टिकर काढला की हवा आत शिरते आणि सेल जागा होतो. एकदा जागा झाला की वापरा किंवा ठेवून द्या, तो उतरतच राहतो आणि स्टिकर परत चिकटवून काही उपयोग होत नाही. सुनेनं सासूची सोय म्हणून सहाच्या सहा सेलांचे स्टिकर एकदम काढून ठेवले होते. “आत्तीस्नी नखानं निघत न्हाई, म्हणून काढून ठेवलं,” ती म्हणाली. मायेनं केलेलं काम होतं ते, तिला दोष देववेना. स्टिकर काढून एक-दोन मिनिटं सेल उघडा ठेवायचा, मग आत घालायचा, हे तिथंच करून दाखवलं. लहान नातू घरात असल्यामुळं सेल उंचावर ठेवायचे, गिळला गेला तर घरगुती उपाय करत न बसता तडक दवाखाना गाठायचा, हेही.

शिट्टीचं कारण डोक्यावर बांधायचा रुमाल निघालं. अन्नात केस पडू नयेत म्हणून मावशी स्वयंपाकघरात कपाळापासून मानेपर्यंत सुती रुमाल घट्ट बांधतात. तो मशीनवरूनच जायचा. मशीनला कापड, केस, चष्म्याची काडी, काहीही टेकलं की त्याची थरथर त्याच्याच माइकमध्ये परत जाते आणि शिट्टी वाजते. रुमाल काढून मशीन पट्ट्यावर लावलं, शिट्टी बंद. रुमाल बांधला, शिट्टी सुरू. मावशींनी स्वतःच तीनदा बांधून-सोडून खात्री करून घेतली.

मग बटण बघितलं. बटणाभोवती पिवळसर खपल्यांचं कडं होतं. कडं भिजवून बाजूला केल्यावर खाली लाल, ओलसर कातडी. बटणाच्या आतल्या खोबणीत तेल, कातडीचा कोंडा आणि बारीक केस यांचा लगदा होऊन बसला होता. मशीन त्या खोबणीतच धरतं. तिथं लगदा असेल तर ते बसल्यासारखं वाटतं, पण धातूला धातू नीट भिडत नाही. मधेच आवाज जाणं, खरखर, सगळं तिथूनच येत होतं.

बटणाभोवतीच्या कातडीची अवस्था 0 ते 4 अशा पायऱ्यांत मोजतात. 0 म्हणजे काहीच त्रास नाही, 1 म्हणजे थोडी लाली, 2 म्हणजे लाली आणि ओल, 3 म्हणजे मांस वाढलेलं, आणि 4 म्हणजे संसर्ग इतका की स्क्रूच काढावा लागेल. मावशी 2 वर होत्या. दोन-तीन महिने असेच गेले असते तर 3 वर गेल्या असत्या, असं मला वाटतं.

दोन सूचना

औषध देऊन हे प्रकरण तिथं मिटवता आलं असतं. पण मावशी टापटिपीच्या आहेत. त्यांच्या खानावळीतलं पिंप, ताटं, ओटा बघितला की कळतं. एवढी स्वच्छ बाई डोक्यावर खपल्यांचं कडं का साठू देईल?

विचारलं, रोज काय करता? मावशींचं उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे: “डाक्टरनी सांगितलंया, तिथं पाणी लावायचं न्हाई. मी एक थेंब लागू दिला न्हाई अजून.”

नऊ महिने! केस धुताना त्या उजव्या कानामागं प्लास्टिकची पिशवी दाबून धरत होत्या. सुनेनं सांगितलं, एकदा ताप असताना तिनं पुसून देते म्हटलं तर सासू ओरडल्या, जखमंला हात लावू नको म्हणून. कडेनं खाज सुटायची तेव्हा हळद आणि खोबरेल तेल लावायच्या.

ती सूचना खोटी नव्हती. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीचे दिवस पट्टी असते, बटणावर छोटी टोपी असते, तेव्हा जागा कोरडी ठेवायला सांगतातच. फक्त ती सूचना कधी संपते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सुट्टी देताना हातात दिलेला कागद चार पानी इंग्रजी होता. त्यात रोजची स्वच्छता नीट लिहिली आहे, मी तो वाचला. मावशी चौथी शिकल्या आहेत, सून दहावी मराठी माध्यमातून. कागद विम्याच्या फाईलमध्ये जपून ठेवला होता.

आपल्याकडं जखमेचं शहाणपण एकच आहे: झाकायची, कोरडी ठेवायची, डिवचायची नाही, खपली धरली की ती काढायची नाही. हे शहाणपण हजार जखमांना लागू पडतं. पण बटणाभोवतीची कातडी एकदा भरून आली की ती जखम राहत नाही. तिथं कातडीतून एक वस्तू कायमची बाहेर आली आहे, हिरडीतून दात यावा तशी. आणि दात आपण रोज घासतो.

दाताची उपमा मी ओढूनताणून आणलेली नाही. हे तंत्र दाताकडूनच आलं आहे. स्वीडनमधले पेर-इंगवार ब्रोनेमार्क 1950 च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमची नळकांडी बसवून रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. प्रयोग संपल्यावर नळकांडी काढायला गेले तर ती हाडाशी एकजीव झालेली. त्यातून 1965 साली माणसाच्या जबड्यात टायटॅनियमच्या स्क्रूवर दात बसवले गेले, आणि 1977 साली गोथेनबर्गमध्ये अँडर्स शेलस्ट्रॉम यांनी तोच स्क्रू कानामागच्या हाडात बसवून त्यावर ऐकण्याचं यंत्र चढवलं. हाड स्क्रूला धरून ठेवतं. कातडी मात्र धातूशी तशी एकजीव होत नाही, तिच्या आणि बटणाच्या मध्ये एक बारीक फट कायम राहते. त्या फटीत साठेल ते काढत राहणं हाच सगळा सांभाळ.

दुसरी सूचना माझी होती. जानेवारीत मशीन बसवलं तेव्हा मी ब्रश कसा फिरवायचा ते दाखवलं होतं. माझ्या वहीत तशी नोंद आहे: ‘स्वच्छता समजावली’. ही नोंद वाचताना मला तो दिवस आठवला. बटण कसं घासायचं ते सांगायचं तर मशीन काढावं लागतं. मी मशीन काढून टेबलावर ठेवलं, प्लास्टिकच्या नमुन्यावर ब्रश फिरवत पाच मिनिटं बोलले आणि मावशी “व्हय, व्हय” म्हणत मान डोलावत राहिल्या. 68 डेसिबलच्या कानाला माझं एक वाक्यही धड पोचलं नसणार. ऐकू कमी येणारी माणसं मान डोलावतात. वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा “काय?” विचारून समोरच्याच्या कपाळावर आठी बघितलेली असते. हे मला माहीत असायला हवं होतं, हे माझं रोजचं काम आहे. त्या दिवशी सून बरोबर नव्हती. खानावळ सोडून दोघींना येता आलं नव्हतं.

उपचार

हा भाग लहान आहे. त्याच दिवशी मावशींना शहरातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडं पाठवलं. स्क्रू घट्ट होता. बटण हलत नव्हतं, ठोकून बघितल्यावर दुखत नव्हतं. बटण जर गोल फिरत असेल किंवा खटखटत असेल तर ते घट्ट करायचं खास अवजार असतं आणि ते काम डॉक्टरचंच. घरी चिमट्यानं पिळायला जाऊ नये. तज्ज्ञांनी जागा दुर्बिणीखाली साफ केली, मलमाची पट्टी बटणाभोवती गुंडाळली, वर टोपी बसवली. दहाव्या दिवशी कातडी कोरडी झाली.

त्या दहा दिवसांत मशीन बंद ठेवायचं कारण नव्हतं. मऊ पट्ट्यावर लावून ते डाव्या कानामागं बसवलं. हाडातली थरथर कवटीभर पसरते आणि दोन्ही आतल्या कानांना जवळजवळ सारखीच मिळते, त्यामुळं बाजू बदलली तरी ऐकू येतं. बारीक आवाज कमी आले, मोहरी पुन्हा मुकी झाली, पण “मावशी, भाकरी वाढा” कळत होतं.

पुन्हा शिकवणी

या वेळी शिकवताना मशीन पट्ट्यावर लावून ठेवलं, म्हणजे बटण मोकळं आणि कान सुरू. सून बाजूला. नमुना कपाटात. मावशींच्याच डोक्यावर, मावशींच्याच हातानं.

पहिल्यांदा बोट फिरवून ओळख करून घेतली. नऊ महिने त्यांनी बटणाला मोकळेपणानं हात लावलाच नव्हता. बोट थरथरत होतं. “लई भ्या वाटतंय, निघून आलं तर?” स्क्रू हाडानं धरलाय, ब्रशानं निघत नाही, हे मी सांगितलं, पण खरा धीर आला तो स्वतः दोन बोटांत बटण धरून हळूच हलवून बघितल्यावर. हललं नाही. मग हसल्या.

ठरलेली पद्धत अशी. अंघोळीच्या वेळी केस धुवायचे असोत वा नसोत, कोमट पाण्यानं ती जागा आधी भिजू द्यायची. खपली कोरडी ओढायची नाही. भिजली की ती आपोआप सुटते. लहान बाळाच्या साबणाचा फेस मऊ ब्रशावर घेऊन बटणाभोवती गोल फिरवायचा, कातडी आणि धातू भेटतात तिथं, मग ब्रशाचं टोक बटणाच्या आतल्या खोबणीत. स्वच्छ पाणी. सुती फडक्यानं टिपायचं, रगडायचं नाही. दोन मिनिटांचं काम. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, चुना यांतलं काही लावायचं नाही. कातडी कोरडी पडून चिरते. ओलसर लाली, दुखणं, पू किंवा मांस वाढल्यासारखं दिसलं तर दोन दिवसांपेक्षा जास्त वाट बघायची नाही.

ब्रश मशीनच्या पेटीत मिळतो. तो संपला तर लहान मुलांचा सगळ्यात मऊ दात घासायचा ब्रश चालतो, फक्त त्याच कामासाठी वेगळा ठेवलेला. तीन महिन्यांनी बदलायचा. तीन महिने कसे लक्षात ठेवायचे यावर सुनेनं उपाय काढला, तो मी आता सगळ्यांना सांगते: पाडवा, आषाढी, दसरा, संक्रांत. चार सण, साधारण तीन-तीन महिन्यांच्या अंतरावर, आणि घरात कुणी विसरत नाही.

तेलाचा प्रश्न सगळ्यात नाजूक होता. मावशी आठवड्यातून दोनदा रात्री डोक्याला तेल चोळतात, पन्नास वर्षांची सवय. बंद करा म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन तेल लावलं असतं. त्यामुळं तडजोड केली. बटणापासून दोन बोटं जागा सोडायची, आणि तेलाच्या रात्रीनंतरच्या सकाळी ब्रश दोनदा फिरवायचा. त्या दोन बोटांतले केस सून छोट्या कात्रीनं बारीक ठेवते. अंबाडा डावीकडं सरकवला.

घासायचं कुणी, यावर थोडी ओढाताण झाली. सुनेची तयारी होती, पण तिला ते बघवत नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि मावशींना सुनेपुढं रोज मान वाकवून बसणं नको होतं, हेही मला दिसलं. बटण मावशींनी स्पर्शानं घासायचं आणि सुनेनं शनिवारी मोबाइलवर त्याचा फोटो काढायचा, असं ठरलं. मागच्या शनिवारच्या फोटोशेजारी धरला की लाली वाढली की उतरली ते कळतं. फोटोनं आणखी एक झालं. मावशींनी नऊ महिन्यांत पहिल्यांदा स्वतःचं बटण बघितलं. “एवढंसंच हाय व्हय!” त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात ते बरंच मोठं होतं.

मशीन बसवण्याची रीतही सुधारली. त्या सरळ अंगठ्यानं दाबायच्या, ते दुखतं आणि कातडीवर ताण येतो. एक कड आधी टेकवायची, बोटानं केस बाजूला धरायचे, मग दुसरी बाजू हळूच टेकवली की टक्. काढतानाही कडेखाली बोट घालून तिरकं.

खानावळ आणि पाऊस

मशीनच्या आत रोजच्या वापराची नोंद राहते. जुलैत ती दिवसाला सरासरी दीड तास निघाली. मावशी सकाळी मशीन लावायच्या आणि गॅस पेटला की काढून ठेवायच्या: वाफ, घाम, शिट्टी. म्हणजे बारा ते तीन, जेव्हा पोरं येणार, हाका मारणार, नेमकं तेव्हाच त्यांना ऐकू येत नव्हतं. एका रविवारी मी खानावळीत जाऊन बसले. दवाखान्यात बसून हे सुचलं नसतं.

मावशी ज्या जागी उभ्या राहून वाढतात तिथं त्यांच्या उजव्या हाताला धूर ओढणारा पंखा आणि डाव्या हाताला पोरांची बाकं. मशीन उजवीकडं. मशीनच्या माइकला पंख्याची घरघर जवळून मिळत होती आणि पोरांचा आवाज डोक्याच्या पलीकडून. वाढायचं टेबल फिरवून समोरच्या भिंतीला लावलं, एवढंच. आता बाकं उजवीकडं आली. रश्श्याचं पातेलं पंख्याखाली गेलं, त्यामुळं वाफेचा लोटही चेहऱ्यावर येईना. रुमालाची जागा जाळीच्या टोपीनं घेतली, ती मशीनच्या खालून जाते. मशीनची सुरक्षादोरी पदराला अडकवलेली होती. पदर सरकला की ती मशीनला ओढायची. ती ब्लाउजच्या मागच्या बाजूला अडकवली. रंकाळ्यावर किंवा महाद्वार रोडच्या गर्दीत कुणाचा धक्का लागून मशीन निसटलं तरी खाली पडत नाही.

कोल्हापूरचा पाऊस हे वेगळं दुखणं. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत तिथं मशीन कसं कोरडं राहणार? रात्री सेलचं दार उघडं ठेवून, सेल काढून, मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या गोळ्या घातलेल्या बंद डबीत ठेवायचं. पिशवी आणि रबर आता नकोत. ओल आत कोंडली जाते. गोळ्यांचा रंग बदलला की त्या बदलायच्या. झोपताना, अंघोळीला, केस कापताना मशीन काढायचं. मुलाच्या गाडीवर मागं बसताना हेल्मेट घालायचं म्हणून काढून डबीत टाकायचं, आणि हेल्मेट बटणावर दाबत असेल तर आतून तिथं पोकळी असलेलं शोधायचं. पुढं कधी एमआरआयची वेळ आली तर आधी सांगायचं, मशीन बाहेर ठेवूनच आत जायचं. मावशींच्या यंत्रात कातडीखाली चुंबक नाही. ज्यांच्यात तो असतो त्यांनी एमआरआयच्या आधी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढं जाऊच नये.

पुढं काय झालं

ऑगस्टच्या शेवटी कातडी 0 वर आली. सप्टेंबरात वापराची नोंद साडेदहा तास. मशीन लावून ऐकण्याची पातळी सरासरी 30 डेसिबल. गणपतीच्या मिरवणुकीत मशीन काढून ठेवू का, असं विचारायला मावशी स्वतः आल्या होत्या. ठेवा म्हटलं, त्या आवाजाच्या भिंतीपुढं चांगल्या कानांनीही जाऊ नये.

दिवाळीत एकदा गाडी घसरली. अभ्यंगस्नानाला नातवानं आजीच्या डोक्यावर तेलाची वाटीच पालथी केली, वरून उटणं. उटण्याचा भुसा तेलात कालवून खोबणीत बसला. पाडव्यापर्यंत कडेनं लाली आली, म्हणजे पायरी 1. ती मावशींना बोटाला जाणवली, शनिवारच्या फोटोच्याही आधी. त्यांनी ब्रश दोन वेळा सुरू केला आणि सुनेकडून मला फोटो पाठवला: लाली हाय, वलं न्हाई, चार दिवस बघतो. चार दिवसांनी दुसरा फोटो आला. लाली उतरली होती.

माझ्या दवाखान्यात दोन गोष्टी बदलल्या. मशीन काढून काही सांगायचं असेल तर आधी पट्टा लावला जातो, आणि शेवटी मावशी-काका जे कुणी असतील त्यांनी स्वतः करून दाखवल्याशिवाय वहीत ‘समजावली’ असं लिहिलं जात नाही. दुसरं, मराठीत एक पानी कार्ड छापून घेतलं आहे. त्यात प्रत्येक सूचनेपुढं दोन रकाने आहेत, ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’. ‘पाणी लावू नका’ या ओळीपुढचा दुसरा रकाना मी रिकामा ठेवते. तो शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या हातानं भरून आणायला सांगते.

मावशींचा डावा कान अजून पावसाळ्यात वाहतो. त्याचं काय करायचं हे तज्ज्ञ ठरवतील. पडद्याचं ऑपरेशन करावं असं त्यांचं मत आहे, मावशींचं अजून नाही. पुढची तपासणी गुढीपाडव्याच्या आठवड्यात ठरली आहे. येताना जुना ब्रश घेऊन यायला सांगितलं आहे, त्याचे केस कितपत वाकलेत ते बघायचं आहे.